नगरधनच्या बाजूची जुनी घरं, कवेलू आणि वानरं

थंडी पडली की नागपूरकर गाडी काढतो ती पेंचच्या वाघासाठी, नाहीतर काटोलकडच्या संत्र्याच्या बगिच्यात पार्टीसाठी. आम्ही काढली ती रामटेकजवळच्या नगरधनच्या बाजूला, पडक्या भिंती बघायला. सोबत मामा. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर सरकारी इमारतींची मोजमापं घेतलेली. त्यामुळे कुठलीही भिंत दिसली की आधी बोटानं टकटक करून बघायची त्यांना सवय. फोटो वगैरे नंतर.

जुन्या घरांसाठी थंडीच का, तर विदर्भात दुसरा मोसमच नाही. पावसाळ्यात गावाकडच्या पडक्या भिंती गवतात आणि वेलींत बुडून जातात, उन्हाळ्यात दुपारी गाडीच्या टपाला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलेलं असतं, धान कापून बांधीत, म्हणजे शेतात, पुंजणे (धानाचे ढीग) रचलेले असतात, आणि रस्त्यावरूनच लांबचा बुरूज किंवा वाड्याची पाखी, म्हणजे उतरतं छत, नजरेत येते. थंडीही तशी बेताची म्हणायची. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता, तसले दिवस क्वचितच. आम्ही निघालो तेव्हा कन्हान नदीवर धुकं होतं, पण कानटोपी मामांनीच काय ती घातली होती.

कामठी म्हणजे 1821 साली वसवलेली इंग्रजांची छावणी. तिथले जुने बंगले आणि चर्च बघायला वेगळा दिवस काढावा लागतो, आम्ही थांबलो नाही. पण दगडाविषयी इथंच बोलायला हवं. नागपूर जिल्हा दगडाच्या बाबतीत दुभंगलेला आहे. पश्चिमेला, काटोल-नरखेडकडे काळा कातळ. कामठीच्या आसपास मात्र पिवळसर, कुठं तांबूस छटेचा वालुकाश्म, सिलेवाड्याच्या खाणीतला. भूगर्भशास्त्रात या थरालाच कामठीचं नाव आहे. वालुकाश्म घडवायला सोपा. काळा कातळ घडवायचा म्हणजे पाथरवटाचा जीव जातो. मामांच्या मते कारागिरी बघायची तर आधी दगड कोणता ते बघावं, मग कारागिराला शाबासकी द्यावी.

मनसरच्या चौकात तर्री पोहे खाल्ले आणि हिडिंबा टेकडीवर धावती चक्कर मारली. 1997 नंतरच्या उत्खननात इथं विटांची प्रचंड बांधकामं उघडी पडली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. 1972 साली इथं सापडलेली शिवाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विटा आपल्या आजच्या विटांच्या मानानं एवढ्या मोठ्या, की मामा वाकून वितीनं मोजत बसले. पण आमचं काम गावांत होतं, टेकडीवर नव्हतं.

रामटेकचा गड आम्ही खालूनच हात जोडून सोडला आणि दक्षिणेला नगरधनच्या रस्त्याला लागलो. नगरधन हे आता साधं खेडं आहे, पण वाकाटकांची त्याआधीची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा तिनंच राज्य चालवलं. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं केलेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, वर शंखाचं चिन्ह. दीड हजार वर्षांपूर्वी एका बाईच्या शिक्क्यानं जिथला कारभार चालला, त्या गावात आज पाराजवळ मोटारसायकली उभ्या असतात आणि पोरं मोबाइलवर गेम खेळतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. गाव चालू आहे, एवढं पुरे.

किल्ला भुईकोट, आज उभा आहे तो भोसल्यांच्या काळातला मानला जातो. डागडुजी झालेली असल्यानं तटावरून चालता येतं. आतली बावली चुकवू नये. पायऱ्या उतरत गेलं की विहिरीच्या पोटातच देवीचं ठाणं लागतं, आणि बाहेर हुडहुडी भरलेली असताना आत उबदार वाटतं. गावातलं कोटेश्वराचं देऊळही बघितलं. पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून चिरमुरे दिले, मामांनी त्याच्याशी चुन्याच्या गिलाव्यावर गप्पा मारल्या. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत, असं दोघांचंही एकमत झालं.

खरी मजा त्यानंतर होती. नगरधनहून मौद्याच्या बाजूला जाणारे आडरस्ते आहेत, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मध्येच एखादा जुना मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या वेळचा तलाव, त्यावर बदकं. आम्ही कुठलंही गाव आलं की गाडी हळू करायचो आणि फक्त छतं बघायचो. थोड्याच वेळात लक्षात येतं की गावाचा सगळा इतिहास छतावर लिहिलेला आहे. कवेलू म्हणजे कौलं. त्यातली देशी म्हणजे कुंभारानं चाकावर नळा घडवून, मधोमध चिरून केलेली. इंग्रजी कवेलू म्हणजे कारखान्यात साच्यातून काढलेली, चपटी, खाचेत खाच बसणारी. मग टिना, म्हणजे पत्रे. मग स्लॅब. एकाच घरावर हे चारही प्रकार दिसतात, पुढून मागे जसजशी पैशाची सोय झाली तसे.

"पाया कधी पडत नाही रे," मामा गाडीत म्हणाले. "छत जाते आधी. छत गेलं का मातीची भीत उघडी पडते, मंग ती किती पावसाळे टिकन?"

मातीच्या भिंतीवर बांबूच्या कमच्या, त्यावर कवेलूंची उलटसुलट रांग. हे छत दरवर्षी पावसाच्या आधी फेरावं लागतं. फुटलेली काढायची, सरकलेली नीट लावायची. माणूस एक वर्ष चुकला की कमच्या कुजतात, दोन वर्षं चुकला की तुळईला पाणी लागतं. आणि माणूस नाही चुकला तरी वानरं आहेतच. जंगल जवळ, बोरं-चिंचा गावात, मग टोळी छतावरून उड्या मारत जाते आणि मागे खापऱ्यांचा ढीग. टिना टाकणाऱ्याला शहरातून येऊन नावं ठेवणाऱ्या लोकांना मी आता फार गंभीरपणे घेत नाही. टिनांखाली मे महिन्यात भट्टी होते हे खरं. पण मे महिना सोसता येतो, गळकी रात्र नाही सोसता येत.

एका गावात (नाव देत नाही, कारण घरात माणसं राहतात आणि त्यांना पर्यटक नकोत) मालगुजारांचा वाडा होता. दिंडी दरवाजा, आत चौक, चारी बाजूंनी ओसरी. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, म्हणजे वाळवी थेट लाकडाला लागत नाही. डावीकडची खोली कचेरीची, तिथं खिडकीच्या खाली भिंतीतच कोनाडे, दप्तर ठेवायला. मागे कोठार, त्याच्या पलीकडे बैलांचा कोठा आणि सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, विहीर.

असे वाडे या भागात इतके का, त्याचं उत्तर महसुलात आहे. भोसल्यांच्या काळात पाटील म्हणजे सारावसुलीचा मक्तेदार. 1854 मध्ये राज्य खालसा झालं, आणि 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी या पाटलांना गावाचे मालकच करून टाकलं. हे मालगुजार. कुळांकडून वसूल करायचं, ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरलेलं आपलं. त्यात 1867 ला नागपूरला रेल्वे आली, माल मुंबईला जाऊ लागला. पैसा आला तसे चौक वाढले, माड्या चढल्या. आणि दरवर्षी कवेलू फेरायला गडीमाणसं होती, पुष्कळशी वेठीची. हेही त्या सागवानी खांबांकडे बघताना विसरू नये. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले, कुळं जमिनीची मालक झाली, वाडे ज्यांचे त्यांच्याकडे राहिले. उत्पन्न गेलं आणि खर्च उरला.

वाड्यात आजी होत्या, त्यांचा नातू होता. आम्ही बाहेरून बघत होतो तर आजींनीच आत बोलावलं. "या नं बाप्पा, बाहेर कायले उभे राहिले?" ओसरीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलणं चालू होतं. गुळाचा चहा आला, मागोमाग भाकरी आणि लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी. लाखोळी हे कडधान्य इथं उभ्या धानातच फेकतात, कापणीनंतर बांधीतल्या ओलीवर ती वाढते. शहरात ही भाजी मिळत नाही, म्हणून मी लाज सोडून दुसऱ्यांदा घेतली.

मागची माडी आठेक वर्षांपूर्वी बसली. लाकूड घ्यायला व्यापारी लगेच हजर. जुन्या सागाला शहरात हॉटेलवाले आणि बंगलेवाले चांगला भाव देतात, त्यामुळे पडक्या वाड्याचे खांब वाड्यापेक्षा महाग. आजींनी दिले नाहीत.

"विकले असते तर स्लॅब झाला असता," नातू हसत म्हणाला. तो बुटीबोरीला कामाला आहे, सुट्टीला गावात येतो. "पन आजी म्हणते, मी असेपर्यंत नाही."

"अन् मी गेल्यावर इकजो," आजी म्हणाल्या. "तवा भाव अजून वाढला राहीन."

नातवानं मात्र एक उद्योग आरंभला आहे, आणि मला दिवसभरात बघितलेल्या सगळ्यात तो जास्त आवडला. गावात जी घरं पडतात, त्यांची चांगली राहिलेली देशी कवेलू तो उचलून आणतो आणि सांदवाडीत रचून ठेवतो. ढीग माझ्या छातीएवढा झाला आहे. बेत असा, की ओसरीवर आणि कोठारावर टिना, वर जुनी कवेलू नुसती मांडायची. पाणी टिना अडवतील, ऊन कवेलू अडवतील. वानरांसाठी वरून तारेची जाळी.

मामा ताबडतोब कामाला लागले. टेप गाडीत असतोच. ओसरीची लांबी घेतली, पाखीचा उतार बघितला, बांबूनं एक तुळई ठोकून "ही बदला" म्हणाले. एका चौरस मीटरला कवेलू किती लागतील हे ढिगातली दहा-बारा जमिनीवर मांडून काढलं, आणि नातवानं ते मोबाइलवर लिहून घेतलं. हिशेबाअंती ढीग निम्मासुद्धा पुरत नाही असं निघालं. कवेलूंसह टिनांचं वजन जुन्या कमच्या पेलणार नाहीत, खाली लोखंडी पाइप घ्यावे लागतील, हेही मामांनी सांगितलं. नातवाचा चेहरा जरा उतरला. मग पलीकडच्या गावात एक बंद पडलेली शाळा आहे, तिच्यावर देशी कवेलू आहेत, ती लिलावात निघतील का, यावर दोघं इतका वेळ बोलत बसले की मी आजींना शेंगा सोलू लागलो.

परतताना मौद्याहून भंडारा रोडला लागलो. तुम्ही जाणार असाल तर अंधाराआधी हायवेवर या. आडरस्त्यांवर मळणीयंत्रं आणि बिनदिव्यांच्या बैलगाड्या असतात, आणि सूर्य बुडाला की धुकं परत उतरतं. पेट्रोल मनसरलाच भरून घ्या. वाड्यात शिरण्याआधी विचारा, नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. मे महिन्यात, कवेलू चढवायच्या वेळी, आम्हाला परत बोलावलं आहे. मामांनी होकार देताना एकच अट घातली. छतावर ते चढणार नाहीत, खालून ओरडतील.