ओटा, पोटरी आणि फेस

१९ जानेवारी

संक्रांतीच्या गुळपोळ्यांच्या ऑर्डरी संपल्या आणि आज एकदाचा उजवा पाय डॉक्टरांच्या हवाली केला.

खरं तर मी गेले होते डाव्या पायासाठी. मांडीवर लाल-जांभळ्या बारीक शिरांचं कोळ्याचं जाळं. दुखत नाही, खुपत नाही, नुसतं दिसतं. लेकीबरोबर पोहायला जायचं ठरलं आणि तो पोशाख घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा ते फारच दिसलं. यांना मात्र सांगितलं, पाय ठणकतात. बावन्नाव्या वर्षी मांडी चांगली दिसावी म्हणून इंजेक्शनं घेते, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

डॉक्टरबाईंनी डाव्याकडे नुसती नजर टाकली. उजव्या पोटरीवरची दोरीसारखी फुगलेली शीर बघून म्हणाल्या, "काकू, आधी डॉपलर." ही सोनोग्राफी उभं राहूनच करतात. त्यांनी पोटरी दाबली की रक्त वर जायचं, सोडली की मशीनमधून लांबलचक भस्स असा आवाज. शिरेतली झडप नीट मिटली असती तर रक्त असं परत खाली घसरलं नसतं. जांघेतली मोठी शीर आणि आतल्या खोल शिरा ठीक निघाल्या, बिघाड पोटरीतल्या फाट्यातच. म्हणजे पाय ठणकतात ही थाप निम्मी खरीच होती. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उठायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे, आणि मी ते वयाच्या खात्यावर टाकत होते.

वाटलं, हा वीस वर्षांच्या ओट्याचा प्रताप. चाललं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. एका जागी उभं राहून पोळ्या लाटताना तो नुसता बसून असतो. पण माझी आई चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्या थापायची, तरी तिच्या पायावर अशाच शिरा होत्या. नऊवारीत झाकल्या जायच्या, इतकंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, आनुवंशिक असतं, बाळंतपणंही भर घालतात.

आज मार्करनं पायावर खुणा केल्या, अर्धशिशी आहे का विचारलं (फेसाच्या इंजेक्शननंतर क्वचित कुणाच्या डोळ्यांपुढे चमकतं म्हणे), मग आडवं केलं. औषधाचं नाव पॉलिडोकॅनॉल. मुळात ते बधिर करायचं औषध म्हणून निघालं होतं, त्यामुळे आग होत नाही. दोन सिरिंजा एका तोटीला जोडल्या, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा, आणि इकडून तिकडे वीसेक वेळा ढकलून पांढराशुभ्र फेस केला. सोडा घातलेलं भज्यांचं पीठ थांबत नाही, तसाच हा फेस, लगेच टोचावा लागतो. शिरेत गेला की रक्ताला बाजूला सारतो, शिरेचं अस्तर जाळतो, शीर आकसून बंद पडते. रक्त मग चांगल्या शिरांमधून जातं. टोचलेलं मुंगी चावल्याइतकं. लगेच घट्ट स्टॉकिंग चढवलं आणि वीस मिनिटं चालायला लावलं. दवाखान्याच्या गॅलरीत पार्सल चुकलेल्या माणसासारख्या येरझाऱ्या घातल्या.

२३ जानेवारी

हे स्टॉकिंग चढवणं म्हणजे कुस्ती. लेकीनं युक्ती शोधली: पावलावर ब्रेडची रिकामी पिशवी घालायची, वरून स्टॉकिंग सरकवायचं, मग पिशवी बोटांकडून ओढून घ्यायची. डॉक्टरबाई हे सगळं थंडीतच करा का म्हणत होत्या, ते आत्ता कळतंय.

११ फेब्रुवारी

शिरेच्या जागी कडक, दुखरी गाठ. आज सुईनं टोचून आत अडकलेलं काळपट रक्त पिळून काढलं. ते तसंच राहिलं तर त्यातल्या लोहानं कातडीवर तपकिरी डाग पडतो. थोडा पडलाच आहे, जायला काही महिने लागतील. रात्रीचे गोळे मात्र थांबले.

डाव्या पायाची बारी पुढच्या महिन्यात. तिथे फेस नाही, पातळ औषध आणि केसासारखी सुई. विमा कंपनी त्याला सौंदर्योपचार म्हणते, पैसे देत नाही. यांनी बिल पाहिलं, डावा पाय पाहिला आणि विचारलं, "हाही ठणकतो?" मी म्हटलं, नाही.

ओट्यापाशी उंच स्टूल आणलंय. बसून लाटलेली पोळी एका कडेला जाड होते. गिऱ्हाइकांपैकी अजून कुणी बोललेलं नाही.