पाचगणी: फ्रेडी मर्क्युरीच्या शाळेच्या गावी

सातारा जिल्ह्यात काय पाहावे असे कोणी विचारले की प्रतापगड, कास, ठोसेघर आणि महाबळेश्वर ही नावे आपण लगेच सांगतो, आणि पाचगणीचे नाव घेतले तरी ते टेबललँड व स्ट्रॉबेरी यांच्यापुरतेच घेतो. विसाव्या शतकातील एका थोर रॉक गायकाचे शालेय आयुष्य याच गावात गेले, त्याने पियानोचे धडे येथे गिरवले आणि आपला पहिला बँडही येथेच उभा केला, ही गोष्ट मात्र जिल्ह्याबाहेरच्या रसिकांनाच अधिक ठाऊक असते. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या या पर्वाचा माग घेण्यासाठी मी साताऱ्याहून पाचगणीस जाऊन आलो. सोबत गिटार शिकणारा माझा भाचा होता. त्याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

निघण्यापूर्वी काही गोष्टी नीट माहीत असाव्यात, कारण फ्रेडीच्या बालपणाविषयी बरीच चुकीची माहिती फिरत असते. त्याचा जन्म मुंबईत किंवा पाचगणीत झालेला नाही. तो ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत असलेल्या एका पारशी कुटुंबात जन्मला. त्याचे मूळ नाव फारुख बुलसारा. आई-वडिलांनी त्याला आठव्या वर्षी समुद्रापार, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. तो आला तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव उत्तर सातारा असे होते आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात असे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा हा मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकत होता.

साताऱ्याहून एसटीने जाणाऱ्यांनी गाडीवरची पाटी काळजीपूर्वक वाचावी. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या काही गाड्या मेढा आणि केळघर घाटमार्गे जातात. त्या पाचगणीला लागत नाहीत. आपल्याला वाईमार्गे जाणारी गाडी हवी. पुण्याहून येणाऱ्यांना स्वारगेटहून थेट गाड्या मिळतात. त्यांच्याकडे स्वतःचे वाहन असल्यास खंबाटकी घाट ओलांडून सुरूरला महामार्ग सोडावा आणि वाईकडे वळावे. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटरच आहे; मात्र हे सारे अंतर पसरणी घाटाचे आहे. सुट्टीच्या दिवशी या घाटात वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. म्हणून शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी लवकर घाट चढावा.

पसरणी घाट ज्या गावामुळे ओळखला जातो, त्या गावाशी थोडे थांबावे, असे मी संगीताच्या वाटेने निघालेल्या प्रत्येकाला सुचवीन. शाहीर कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी याच पसरणीत झाला. घाटाच्या पायथ्याशी शाहीर साबळ्यांचे गाव आणि माथ्यावर फ्रेडी मर्क्युरीची शाळा, असा योग एकाच रस्त्यावर जुळून येतो. दोघांची परंपरा, भाषा आणि श्रोते यांत कसलेही साम्य नाही, तरी हजारोंच्या समुदायाला आपल्या आवाजाने बांधून ठेवण्याची विद्या दोघांकडेही होती, आणि या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या गावांच्या परिसरात ही वसाहत वसवली आणि सिल्व्हर ओकसारखी बाहेरची झाडे येथे लावली. महाबळेश्वर जवळच असूनही येथे पाऊस बराच कमी पडतो, हवा कोरडी आणि थंड असते. त्यामुळे आधी आजाऱ्यांसाठी आरोग्यधामे आणि पुढे निवासी शाळा येथे आल्या. मुंबईच्या पारशी कुटुंबांचा या गावाशी जुना संबंध होता. झांझिबारच्या पारशी घरातला मुलगा नेमका येथेच का पाठवला गेला, हे या पार्श्वभूमीवर लक्षात येते. सेंट पीटर्स ही १९०२ पासूनची, इंग्रजी धर्तीची शाळा. आफ्रिकेत नोकरी करणाऱ्या पालकांना आपल्या मुलासाठी जे हवे होते, म्हणजे इंग्रजी शिक्षण, शिस्त, आरोग्याला मानवणारी हवा आणि मुंबईतील नातेवाइकांची जवळीक, ते सारे येथे एकत्र मिळत होते.

आम्ही गेलो त्या दिवशी शाळा भरलेली होती, म्हणून आत जाण्याचा आग्रह न धरता आम्ही बाहेरूनच इमारती पाहिल्या आणि चर्चकडे वळलो. याबाबत मी आग्रहाने सांगू इच्छितो की ही चालती निवासी शाळा आहे, स्मारक किंवा संग्रहालय नाही. आतून पाहण्याची इच्छा असेल, तर काही आठवडे आधी शाळेच्या कार्यालयाला पत्र लिहून परवानगी मागावी, नकार आल्यास तो मान्य करावा, आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून आत शिरणारे चाहते आपल्या नंतर येणाऱ्यांची वाट बंद करतात. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसन यांचे थडगे आहे. तेथेही मोठ्याने बोलू नये आणि प्रार्थनेची वेळ टाळून जावे.

बाहेर उभे राहून जे दिसते ते थोडेच असते, आणि म्हणून आत काय घडले होते हे मनाशी घेऊन जाणे महत्त्वाचे ठरते. याच शाळेत फारुखला मुले ‘फ्रेडी’ म्हणू लागली. टेबल टेनिसमध्ये तो तरबेज होता, चित्रे चांगली काढत असे, गायकवृंदात गात असे, आणि पियानोच्या परीक्षांत त्याने चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारली. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो पियानोवर लगेच वाजवून दाखवी, ही आठवण त्याच्या सोबत्यांनी सांगितली आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास, १९५८ मध्ये, त्याने आणखी चार मुलांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड उभा केला. शाळेच्या कार्यक्रमांत ही मुले ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि अमेरिकन रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवत. मुख्य गायक ब्रूस मरे होता, फ्रेडी पियानोवर बसे. डेरिक ब्रांच गिटार वाजवी, ड्रमवर व्हिक्टरी राणा असे, आणि फरांग इराणीच्या हाती चहाच्या खोक्याला तार बांधून तयार केलेले बासवाद्य होते. पुढे ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, राणा नेपाळच्या सैन्यात सेनाधिकारी होऊन सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला, आणि इराणी पुण्यात उपाहारगृह चालवू लागला.

या बँडचे महत्त्व पाचगणीपुरते पाहिले तर शाळकरी हौस एवढेच दिसेल. ते त्या काळाच्या पटावर मांडून पाहावे. क्लिफ रिचर्ड याचे पहिले गाजलेले गाणे १९५८ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडले आणि अस्सल ब्रिटिश रॉक अँड रोलची सुरुवात अनेक जण तेथून मानतात. हा गायकसुद्धा मूळचा लखनौमध्ये जन्मलेला. त्याच्या आदल्या वर्षी, ६ जुलै १९५७ रोजी, लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली, आणि लेननच्या त्या वेळच्या ‘क्वॉरीमेन’ या बँडमध्येही चहाच्या खोक्याचेच बासवाद्य होते. बीटल्सची बीजे रुजवणारी ती भेट एका सेंट पीटर्सच्या आवारात झाली आणि क्वीनच्या गायकाचा पहिला बँड दुसऱ्या सेंट पीटर्समध्ये वाजू लागला, तोही अवघ्या वर्षभराच्या अंतराने. नावाचे साम्य योगायोगाचे आहे. खोक्याचे साम्य मात्र योगायोगाचे नाही: महागडी वाद्ये परवडत नसलेली मुले मिळेल त्या वस्तूपासून वाद्य घडवत होती, आणि ही लाट ब्रिटनमधल्या बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जवळपास एकाच वेळी पोहोचली होती. माझ्या भाच्याने विचारले, “मामा, मग लिव्हरपूलला लोक मुद्दाम जातात, तसे इथे का येत नाहीत?” त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्याचे एक कारण असे की फ्रेडीने स्वतः आपल्या भारतातील वर्षांविषयी जाहीरपणे फार थोडे सांगितले. दुसरे असे की हेक्टिक्सचे एकही ध्वनिमुद्रण लोकांसमोर आलेले नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि आठवणी.

येथून पुढचा इतिहास बराच परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, बुलसारा कुटुंबाने देश सोडून इंग्लंड गाठले, फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेतले, आणि १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह क्वीनची स्थापना झाली. जॉन डीकन पुढच्या वर्षी आला. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे प्रकाशित झाले. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी वाजवणार नाही, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातील ऑपेरासारखा भाग मोठ्या गायकवृंदाचा वाटतो, पण तो फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांच्याच आवाजांवर पुन्हा पुन्हा आवाज चढवून घडवलेला आहे. अनेक आवाज एकमेकांत कसे बसतात, कोणता वर जातो आणि कोणता त्याला खालून आधार देतो, हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले आहे, त्यालाच असे गाणे सुचू शकते, असे माझे मत आहे. पाचगणीतील गायकवृंदाच्या तालमींचा या गाण्याशी थेट संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. तरी शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून ते ऐकताना हा संबंध मला फार खरा वाटला.

येथे पसरणीचा मुद्दा पुन्हा घेतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. त्यात फ्रेडीने वाद्ये थांबवून नुसत्या आवाजाची एक लकेर फेकली आणि सुमारे ७२,००० लोकांनी ती तशीच्या तशी परत दिली. मग त्याने ती अधिक अवघड केली, आणि तीही परत आली. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, अशी ही रीत आहे. फरक एवढाच की तेथे सारे मैदानच झीलकरी झाले होते. रॉकच्या इतिहासातील उत्तम प्रत्यक्ष सादरीकरणांत या वीस मिनिटांची गणना आजही होते.

शाळेचा परिसर पाहून झाल्यावर दोन ठिकाणी अवश्य जावे. पहिले टेबललँड. तेथे गाडीतळाजवळ घोडेवाल्यांची गर्दी फार असते. तिच्याकडे लक्ष न देता जांभ्या दगडाच्या सपाटीवरून पायी दूरपर्यंत चालत जावे, म्हणजे वाऱ्याशिवाय दुसरा आवाज उरत नाही. दुसरे ठिकाण पारशी पॉइंट. तेथून कृष्णेच्या खोऱ्यात धोम धरणाचे पाणी पसरलेले दिसते. हे धरण फ्रेडी येथून गेल्यानंतरचे आहे. त्याने जे खोरे पाहिले असेल त्यात शेते आणि नदीचा पट्टा असणार. त्या काळाची कल्पना करताना तेवढे पाणी मनातून वजा करावे.

काळाच्या निवडीविषयी सांगायचे तर चाहत्यांना ५ सप्टेंबर, म्हणजे त्याचा जन्मदिवस, आणि २४ नोव्हेंबर, म्हणजे १९९१ मधील त्याचा मृत्युदिन, हे दोन दिवस खुणावतात. सप्टेंबरात धुके इतके दाट असते की टेबललँडवर काही पावलांपुढचे दिसत नाही आणि घाटात गाडी चालवणेही जिकिरीचे होते. नोव्हेंबर सर्व दृष्टींनी चांगला. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि हवा स्वच्छ असते. रात्री थंडी पडते, त्यामुळे स्वेटर बरोबर असू द्यावा. मुक्काम करायचा नसेल तर वाईत राहून दिवसभरासाठी वर जाऊन येणे स्वस्त पडते. एसटीने परतणाऱ्यांनी पाचगणीत उतरताच शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर विचारून ठेवावी.

जाण्याआधी गाणी फोनमध्ये उतरवून घ्यावीत, कारण घाटात आणि टेबललँडवर नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. क्रम मी असा सुचवीन: घाट चढताना लिटल रिचर्डची १९५५ ते १९५८ या काळातील गाणी आणि क्लिफ रिचर्डची सुरुवातीची गाणी, म्हणजे हेक्टिक्सच्या मुलांच्या कानांवर काय पडत होते ते कळते, शाळेजवळ ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, तीही हेडफोन लावून, कारण आसपास वर्ग चालू असतात, आणि तीन आवाजांतून पुन्हा एकदा अख्खा गायकवृंद उभा करणारे १९७६ चे ‘समबडी टू लव्ह’ टेबललँडवर. लाइव्ह एडची चित्रफीत मात्र मुक्कामी पोहोचल्यावर, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावी. ती मध्ये न थांबवता सलग पाहावी, आणि लोकांकडून लकेर परत घेण्याचा भाग आला की फ्रेडीइतकेच लक्ष समोरच्या गर्दीकडेही द्यावे.