चवथीचा तिसरा दिवस, वेर्णा औद्योगिक वसाहत, गोवा

दुपारची आरती झाली, आरतीत वाजवायचं घुमट खुंटीला लागलं आणि आई पानावर खतखतं वाढत होती, तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. तो वेर्ण्याच्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे, पीस गळतो का ते तपासणाऱ्या मशीनवर, म्हणजे लीक टेस्टरवर; नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. "दादा, जेवलास का?" एवढं विचारून गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "लीक टेस्टरनं सकाळपासून शंभरातले तीस पीस रिजेक्ट केलेत. एरवी दोन-तीन जातात. सर्व्हिसवाला पुण्याचा, तो गणपती झाल्याशिवाय यायचा नाही. आणि माल उद्या सकाळी निघणार आहे."

मी सात वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, इलेक्ट्रिक मोटरच्या टेस्ट बेंचवर काम करतो. तीन आठवड्यांची रजा घेऊन चवथीला आलो होतो आणि त्यातला एकही दिवस मशीनपाशी घालवणार नाही असं बायकोला कबूल केलं होतं. तरी गेलो. पोर घाबरलं होतं, आणि त्याच्या वयात मीही असाच कुणाला तरी फोन करायचो.

निघताना मी फक्त एका बॅचमेटला फोन केला, तोही त्याच्याकडचा लूप कॅलिब्रेटर, म्हणजे सेन्सरच्या जागी लावून हवा तेवढा करंट सोडायचं यंत्र, मागायला. फर्मागुढीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही चार वर्षं एका बाकावर होतो. तो म्हणाला, "थांब, मीच येतो." बोरी पुलाच्या अलीकडे भर पावसात उभा होता, एका हातात कॅलिब्रेटरची पिशवी, दुसऱ्या हातात नेवऱ्यांचा डबा. वेर्ण्याला पोचलो तर गेटवर आणखी दोघे. एक कुंडईच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतो, दुसरे थेट डिचोलीहून आलेले, माझ्या पहिल्या नोकरीतले सीनियर. बॅचमेटनं वाटेत एकाला फोन केला होता, त्यानं दुसऱ्याला. तिघांच्याही घरी गणपती, घरात पाहुणे. मशीन दुसऱ्याच्या कंपनीचं, एक रुपया मिळायचा नाही. मॅनेजरची परवानगी फोनवर मिळाली आणि आम्ही आत गेलो. हे लिहायला बसलो ते या तिघांमुळे.

जर्मनीत माझ्या शेजारच्या विभागात या विषयातला माझ्याहून कितीतरी जाणकार माणूस बसतो. त्याला बोलवायचं तर आधी नोंद करावी लागते, मग त्याचा वरिष्ठ वेळ ठरवतो, मग तो येतो. आला की जीव ओतून काम करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण नेवऱ्यांचा डबा घेऊन पावसात पुलावर उभं राहणारं माणूस मला तिथं भेटलेलं नाही.

आता मशीनचं सांगतो, कारण हे आमच्या धंद्यातल्या नव्या मुलांच्या उपयोगाचं आहे. पीस म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची छोटी हाउसिंग, बाहेरचं कवच. तिच्यात दोन बार दाबाची हवा भरायची, काही सेकंद स्थिर होऊ द्यायची, मग झडप बंद करून दहा सेकंदांत दाब किती उतरतो ते मोजायचं. शंभर पास्कलहून जास्त उतरला की पीस रिजेक्ट.

मी पाहताक्षणी म्हणालो, नॉइज आहे, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलमध्ये बाहेरच्या विजेचा गोंधळ शिरतोय. जर्मनीतल्या पहिल्याच वर्षी माझे हात पोळले होते, सेन्सरची केबल मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या केबलला लागून गेली होती, तिचं शील्ड, म्हणजे वरचं धातूचं आवरण, दोन्ही टोकांना अर्थ केलेलं, म्हणजे जमिनीला जोडलेलं होतं आणि रीडिंग नाचत होतं. तेच डोक्यात घट्ट बसलेलं. दीड तास मी केबल ट्रे उघडून बघत होतो. इथे सगळं व्यवस्थित होतं. सेन्सरच्या केबलचं शील्ड पॅनलच्या एकाच टोकाला अर्थ केलेलं, ड्राइव्हच्या मोटर केबलचं दोन्ही टोकांना आणि तेही पूर्ण गोल क्लॅम्पनं, जसं असायला हवं तसं. ज्यानं हे वायरिंग केलं त्याचा हात चांगला होता. माझा मात्र दीड तास गेला, आणि परदेशातून आलेला म्हणून तेवढा वेळ मला कुणी अडवलंही नाही.

मग बॅचमेट म्हणाला, "दोषी शोधत बसू नको. निर्दोष कोण कोण ते आधी ठरवू." दाबाचं रीडिंग करंटच्या रूपात पाठवणाऱ्या ट्रान्समीटरच्या वायरी काढून त्या जागी कॅलिब्रेटर लावायचा आणि १२ मिलिअँपिअर सोडायचे असं त्याच्या मनात होतं. या लूपमध्ये चार मिलिअँपिअर म्हणजे सगळ्यांत कमी रीडिंग आणि वीस म्हणजे सगळ्यांत जास्त, तेव्हा बारा म्हणजे बरोबर अर्धं. स्क्रीनवर अर्ध्यावर आकडा आला आणि हलला नाही की केबल, सिग्नल वाचणारं कार्ड, प्रोग्राम तिन्ही सुटले.

इथे आमचं भांडण झालं. त्यानं पॅनल उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ हात घातला. त्याच पॅनलमध्ये खाली २३० व्होल्टची पट्टी, बोटात पोवळ्याची अंगठी, पायाखाली ओली फरशी. मी त्याचं मनगट धरलं. जर्मनीत पाच नियम आहेत, शिकाऊ मुलांकडून ते झोपेतही म्हणवून घेतात: वीज तोडा, ती परत चालू होणार नाही याची सोय करा, वीज नाही हे मोजून बघा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. यातला दुसरा नियम मला सगळ्यांत मोठा वाटतो. मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तुमचं कुलूप दुसरं कुणी काढत नाही. माझं लाल कुलूप आहे, त्यावर माझं नाव आहे. पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा आपल्या जिवाला कुणीतरी एवढी किंमत देतंय हे मला नवीन होतं.

मी जरा जोरात बोललो. तो म्हणाला, "तू नव्हतास तेव्हाही आम्ही हेच करत होतो."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. मेन बंद केला, मावसभावानं स्टोअरमधून सायकलचं कुलूप आणलं, ते लावलं, मीटरनं मोजून बघितलं, मगच वायरी काढल्या. पाच मिनिटं गेली. त्याला ते लागलं होतं आणि मलाही. पण कुलपाच्या बाबतीत मी मागे सरणार नाही. आपल्याकडे या धंद्यात जी माणसं गेली त्यांतली बरीच "फक्त एक वायर काढायची आहे" म्हणताना गेली.

वीज परत चालू केली, बारा सोडले. अर्ध्यावर आकडा आला आणि पंप, कॉम्प्रेसर सगळं चालवूनही दहा मिनिटं ढळला नाही. मग मास्टर पीस लावला, म्हणजे खात्रीनं न गळणारा, कपाटात ठेवलेला. दहा वेळा लावला, दहाही वेळा ओके. सेन्सर, झडपा, पीस धरणाऱ्या फिक्स्चरचं सील, सगळे सुटले. उरले ते खुद्द पीस.

कुंडईवाल्यानं रिजेक्टच्या ट्रॉलीतला एक पीस उचलला आणि गालाला लावला. कोमट होता.

पुढचं पाच मिनिटांत उलगडलं. पीस गरम पाण्यानं धुऊन, गरम हवेनं वाळवून येतात. एरवी ते चाळीस मिनिटं रॅकवर थंड होतात. चवथीमुळे माणसं कमी, म्हणून सकाळपासून धुलाईतून ट्रॉली सरळ मशीनला लागत होती. त्यात उकाडा म्हणून ऑपरेटरनं उभा पंखा मशीनच्या दिशेनं फिरवलेला. दोन बार भरलेली हवा म्हणजे वातावरणाचा दाब धरून तीन बार, म्हणजे तीन लाख पास्कल. तापमान केल्विनमध्ये साधारण तीनशे. तेव्हा पीस एका अंशानं थंड झाला की दाब हजार पास्कलनं उतरतो. मर्यादा शंभरची आहे. एक दशांश अंशाला पीस रिजेक्ट! हे गणित बारावीच्या पुस्तकातलं आहे आणि आम्ही चौघे इंजिनीअर दोन तास वायरी बघत होतो.

पंखा फिरवला, रिजेक्ट पीस रॅकवर ठेवले आणि नेवऱ्या खाल्ल्या. थंड झाल्यावर बहुतेक पास झाले. मावसभावाच्या चेहऱ्यावर रंग आला, आम्ही निघायला उठलो. डिचोलीचे सीनियर मात्र उठले नाहीत. म्हणाले, "जे पास झालेत तेही परत लावायला पाहिजेत." कारण उलटंही होऊ शकतं. थंड हवा गरम पिसात शिरली आणि मोजतानाच तापत गेली तर दाब चढतो, खरी गळती त्याखाली झाकली जाते आणि खराब पीस ओके म्हणून पुढे जातो. हे मला सुचलं नव्हतं. सकाळपासूनचा सगळा माल आम्ही परत लावला. त्यात दोन पीस सापडले. घरी पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

आता एक गोष्ट सांगतो, तिच्यावरून मी अजून शांत झालेलो नाही. मावसभाऊ दीडला घरी गेला आणि सकाळी सातला परत कामावर होता. जर्मनीत १९९४चा कामाच्या वेळेचा कायदा आहे. दिवसाला आठ तास, गरज पडली तर दहा, आणि काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत सलग अकरा तास विश्रांती. दीडला सुटला तर साडेबारापर्यंत त्यानं दारात पाऊल ठेवायचं नाही. पहिल्या वर्षी माझं यावरून डोकं फिरायचं. एकदा बिघाड सापडायच्या बेतात होता, रात्रीचे आठ वाजलेले, आणि आमच्या मास्टरनी माझ्या हातातला मीटर काढून घेतला. "उद्याही बिघाड इथेच असेल," म्हणाले. मला ते थंडपणाचं वाटलं. आपल्याकडे काम अर्धं टाकून जाणाऱ्याला काय म्हणतात ते ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत सापडला. रात्रभर बसलो असतो तरी सापडला नसता, कारण थकलेला माणूस तीच वायर पुन्हा पुन्हा मोजतो. आणि थकलेला माणूसच कुलूप न लावता पॅनलमध्ये हात घालतो. तेव्हापासून त्या अकरा तासांचा मी पक्का झालो आहे.

मी मॅनेजरना फोन करून मुलाला उद्या उशिरा येऊ द्या म्हणणार होतो. तोच म्हणाला, "नको दादा, वाईट दिसतं." वाईट दिसतं! सकाळी तो स्कूटरवरून लोटलीच्या वळणांवरून पावसात गेला, मी गॅलरीतून दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत उभा होतो.

त्या रात्री परतताना गाडीत मी वहीचा विषय काढला. आमच्या बेंचवर एक वही असते, त्यात बिघाड, तो कसा सापडला आणि चूक कुणाची हे ज्यानं चूक केली तोच लिहितो. नवीन माणसाला आधी ती वाचायला देतात. तीस वर्षं अनुभव असलेल्यांनी "दोन वायरी उलट लावल्या, चार तास गेले" असं सहीनिशी लिहिलेलं मी वाचलं आहे. आपल्याकडे डिचोलीच्या सीनियरच्या डोक्यात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाईल, लिहा की, असं मी म्हणत होतो.

सीनियर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहिलं की विचारतात, कुणामुळे झालं. तिकडे नोकरी जात नाही म्हणून लिहितात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १६ मार्च २०१८ला न्यायालयाच्या निकालानं गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आम्ही दोघे एकाच खनिज प्लांटवर होतो, पट्ट्याचे वजनकाटे आणि कन्व्हेयरची पॅनलं बघायचो. २०१२ला पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हाची ओढाताण त्यांनी सोसली होती. दुसऱ्यांदा मी पंचवीसचा, बिनलग्नाचा होतो, सहा महिन्यांत व्हिसा काढून गेलो. ते राहिले. जनरेटर दुरुस्त केले, हॉटेलांचे पंप बघितले, दोन मुली शिकवल्या. मी पळालो असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही, मीच सारखं सांगत असतो की इथे काम नव्हतं. खरंच नव्हतं. आणि जे शिकलो ते परत आणतो आहे, थोडं का होईना.

जायच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून शंभर पानांची वही घेतली आणि मावसभावाला दिली. पहिल्या पानावर मीच लिहिलं: तारीख, लीक टेस्टर, पीस गरम होते, शील्ड तपासण्यात दीड तास गेला, चूक माझी. खाली सही केली. माझी नोकरी तिथे नाही, म्हणून मला ते सोपं होतं, हेही मला कळतं.

परवा त्यानं दुसऱ्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर ओळखीचं नाही. "पॅनल ३. केबल ग्लँडचं (केबल पॅनलमध्ये शिरते तिथलं) भोक उघडं राहिलं होतं. पाल आत शिरून टर्मिनलवर शॉर्ट. ग्लँड बुजवला, बाकी पॅनलचेही बघितले." सही नाही. खाली वेळ लिहिली आहे, रात्री ११.४०. दुसऱ्या दिवशी कामावर किती वाजता आला, तेवढं मी मावसभावाला विचारलं आहे.