ग्रेनाडातलं पाण्याच्या चाकावर चालणारं रमचं गुऱ्हाळ (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

भाची ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर मेडिकलला आहे, तिच्याकडे जानेवारीत दहा दिवस होतो, तेव्हा बेटाच्या ईशान्येला सेंट पॅट्रिक भागातली रिव्हर आंतवान डिस्टिलरी बघून आलो. १७८५ पासून तिथे रम बनते आणि अजूनही चरक फिरतो तो नदीच्या पाण्यावर. चाक १८४० च्या सुमाराचं, इंग्लंडहून आणलेलं. पाटाचं पाणी वरून पडतं, ते अवाढव्य लोखंडी चाक सावकाश वळतं आणि बाजूचा चरक ऊस ओढून घेतो. मोटर नाही काही नाही.

मी कोल्हापूरकडचा, लहानपण गुऱ्हाळावर गेलंय त्यामुळे आत पाऊल टाकलं आणि वासानेच गलबलून आलं. रस पन्हळीतून उकळायच्या घरात येतो, तिथे ओळीने मोठ्या काहिली आहेत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं पेटवलेली आणि लांब दांड्याच्या लाकडी पळीने माणूस रस एका काहिलीतून पुढच्या काहिलीत टाकत जातो. आपल्याकडे गुळव्या गूळ होईपर्यंत थांबतो, हे लोक रस नुसता दाट झाला की थांबतात आणि गार करून सिमेंटच्या उघड्या टाक्यांत सोडतात. यीस्ट वगैरे बाहेरून घालत नाहीत, हवेतलंच लागतं, आठवडाभर तरी फसफसत राहतं. मी टाकीवर वाकून पाहिलं तर वर तपकिरी फेस, मधेच बुडबुडा फुटायचा आणि आंबट वास थेट नाकात. मग लाकडाच्या जाळावर डिस्टिल करतात, हायड्रोमीटरने अल्कोहोल मोजतात, ते ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर परत भट्टीत. पिंपात मुरवणं नाही, पांढरी स्वच्छ रम, बाटल्या भरणं, लेबल लावणं सगळं हाताने. आणि बहुतेक सगळी बेटावरच संपते, म्हणून बाहेर फारसं कुणाला नावही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बघताना डोक्यात ठेवा, १७८५ साली हे सगळं गुलामांच्या अंगमेहनतीवर चालायचं. १८३८ मधे ते पूर्ण मोकळे झाले, मळ्यांना माणसं कमी पडायला लागली आणि मग करारावर भारतातून मजूर आणले. पहिलं जहाज मेडस्टोन, १ मे १८५७ ला याच सेंट पॅट्रिकच्या किनाऱ्याला लागलं, २८७ माणसं उतरली. हे कळल्यावर मी त्या काहिलींकडे परत जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

आता जाणाऱ्यांसाठी. सोमवार ते शुक्रवार सकाळीच जा, शनिवार-रविवार नको. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी असलं की चाक थांबतं, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून चरक चालू आहे का एवढं नक्की विचारा, चाक फिरताना बघण्यातच सगळं आहे. राजधानी सेंट जॉर्जेसहून गाडीने साधारण दीड तास, वाहनं डाव्या बाजूने चालतात पण रस्ते अरुंद आणि वळणांचे. फी किरकोळ, ईस्टर्न कॅरिबियन डॉलर रोख ठेवा (एका अमेरिकन डॉलरला २.७०). पायात बंद बूट घाला, जमीन ओली असते. शेवटी चव देतात, घोटभरच घ्या आणि लगेच पाणी प्या, गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. घरी न्यायची असेल तर ६९ टक्केवाली बाटली घ्या, ७० च्या वरची विमानात चालतच नाही, त्यासाठीच ती वेगळी बनवतात. जवळच आंतवान तळं आहे, ज्वालामुखीच्या मुखातलं, तेही त्याच फेरीत होतं.

आणि परतताना एखाद्या गावातल्या रम शॉपमधे थांबाच. लाकडी टपरीवजा दुकान, बाकावर डॉमिनो चाललेले, बायामाणसंही येऊन बोलत बसलेली. आम्ही थांबलो तिथे एका आजोबांनी ग्लास हातात घेतला, प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सोडले, मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, आधी गेलेल्यांना. मला आमच्या आबांची ताटाभोवतीची चित्राहुती आठवली, मी त्यांना ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली, तर त्यांनी मान हलवली आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली.