पेवाच्या तोंडाशी

कादंबरीचा तिसरा खर्डा काल पहाटे पुरा झाला. बासष्टाव्या वर्षी लिहायला बसलो, आता पासष्टावं चालू आहे. त्याआधी चौतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होतो. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, हेच माझं लिखाण. संध्याकाळी ताळा जुळला की वही मिटायची. कादंबरीत ताळा कशाशी घ्यायचा, हेच पहिलं वर्षभर कळेना.

कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर आहे. ‘अमक्याचं पेव फुटलंय’ असं आपण सहज म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं आता सांगलीतही थोडीच उरलीत. पंधरा-वीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखा फुगलेला. हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकलं की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. आत हवाच नसायची ना! म्हणूनच उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस खाली. २००५च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, आणि गोदामांकडे वळलेला व्यापार पुन्हा पेवांकडे फारसा आला नाही. हे कुणीतरी लिहून ठेवावं असं तेव्हापासून वाटत होतं. नोकरी होती तोवर जमलं नाही.

सातव्या प्रकरणात माझा नायक पहिल्यांदा पेवात उतरतो. ते मी चार वेळा लिहिलं. सौ.नं वाचून विचारलं, “अहो, हा आत उतरलाय की वरून कुणीतरी बघतंय?”

तिचं बरोबर होतं. मी जन्मभर पेवाच्या तोंडाशी वही घेऊन पोती मोजली. आत एकदाही उतरलो नाही.

मग हरिपुरात एका जुन्या हमालाकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढं. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी कंदिलाचं विचारायला लागलो तर म्हणाले, “दिवाणजी, कंदील तुमास्नी वरनं दिसतुया. खाली गेल्याव त्येच्याकडं कोन बगतंय?”

“मग काय बघायचा?”

“वर. ताटलीएवढं आभाळ दिसायचं. हाक मारली तर लांबनं आल्यागत वाटायची. आन् घाम आला की हळद अंगाला चुरचुरायची.” जरा थांबून म्हणाले, “सांजच्याला घरी गेलो की आमची मंडळी म्हनायची, तुमास्नी बरी रोजच हळद लागतीया.”

एवढं बोलून ते गप्प झाले. ती गेल्याला बारा वर्षं झाली. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला. मीही पाहिला. बोटांच्या पेरांत अर्थातच आता काही नव्हतं.

घरी येऊन मी सातवं प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहिलं. अकरा पानांची पाच झाली. कंदील एका वाक्यात आला आणि गेला. नायकाला बायको आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! ती त्या प्रकरणात आली, आणि मग मागची सहाही प्रकरणं तिच्यासाठी उलगडावी लागली. दुसरा खर्डा असा बाजूला पडला. त्यात आठ महिने गेले. त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

लोक विचारतात, एवढ्या उशिरा का? चाळिशीत लिहिलं असतं तर तात्यांना मजुरीचा दर विचारून परत आलो असतो. तेव्हा मला तेवढंच विचारता येत होतं.

रविवारी सातवं प्रकरण घेऊन हरिपूरला जाणार आहे. तात्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. चुकलं असेल तिथं लगेच खोडता यावं म्हणून तांबडं पेन पिशवीत टाकून ठेवलंय.