कूळ शोधलं तर केळ सापडली

आमचं काम म्हणजे गोव्यातल्या फोंड्यात बसून आजूबाजूच्या वाचनालयांना आणि शाळांना ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, चालू ठेवायचं, आणि नवीन व्हर्जन यायच्या आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे त्याची जवळजवळ पक्की आवृत्ती, आपल्या डेटावर लावून बघायचा. हे शेवटचं काम कोणी सांगितलेलं नाही आणि त्याचे पैसेही कोण देत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं तेच, कारण रिलीजनंतर बग निघाला तर तो आमच्या वाचनालयात वाचकासमोर निघतो.

गोष्ट जुलैतली. पुस्तकांचा कॅटलॉग सांभाळणारं सॉफ्टवेअर, प्रोजेक्टचं नाव घेत नाही, मंडळी चांगली आहेत. नव्या व्हर्जनमध्ये सर्चचा एक बदल येणार होता आणि मी स्वतः त्याची वाट बघत होतो. युरोपातल्या भाषांत अक्षरांवर खुणा असतात ना, त्या टाइप न करताही पुस्तक सापडावं असा तो बदल. गोव्यात हे फार लागतं. पणजीची सेंट्रल लायब्ररी तर १८३२ सालापासूनची आहे, पण लहान वाचनालयांतही कोणाच्या तरी घरून देणगीत आलेली पोर्तुगीज पुस्तकं असतात, आणि साध्या कीबोर्डवर ती टिल्ड (ã वरची लाट) आणि सेडिला (ç खालची शेपटी) टाइप करत कोण बसणार.

प्रोजेक्टच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट सगळ्या ग्रीन, म्हणजे पास. मी एका वाचनालयाच्या कॅटलॉगची कॉपी टेस्ट सर्व्हरवर चढवली, री-इंडेक्स केलं, म्हणजे सर्चची शब्दसूची नव्याने बनवली, पोर्तुगीज नावं टाकली, पटापट सापडली. मग तिथल्या ग्रंथपाल ताईंना लिंक पाठवली. मी सर्च करतो तो टेस्टर म्हणून, त्या करतात तो समोर वाचक उभा आहे असं धरून, आणि या दोन्हीत खूप फरक पडतो.

जेवणाच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "अरे, मी कूळ घातलं तर हे केळ लागवडीची पुस्तकं दाखवतंय! कूळ कायद्याचं आहे, पण खाली कुठेतरी."

बाहेरच्यांसाठी सांगतो, गोव्यात कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) हे विषय घरोघरचे आहेत. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, आणि त्यावरून चाललेल्या केसेस. लॉ करणारी पोरंही हेच विचारत येतात आणि जमिनीचे कागद पिशवीत घेऊन फिरणारे आजोबाही. त्या माणसाच्या हातात केळीचं पुस्तक देऊन कसं चालेल?

मी शब्द घालत सुटलो. गूळ घातलं तर गळाने मासे पकडायचं पुस्तक आलं. देव घातलं तर दव आलं. दर्या घातलं तर डोंगर-दऱ्या आल्या, आणि तिथे माझी ट्यूब पेटली. दर्यातला रफार आणि दऱ्यातला तो आडवा र संगणकाच्या लेखी वेगळे आहेत, आडव्यात युनिकोडचा, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीतला, ऱ असतो, आणि तो फोडला की साधा र अधिक एक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन तुकडे होतात. म्हणजे कोणीतरी अक्षरं फोडतंय आणि तुकडे टाकून देतंय.

तरी अंदाजावर इश्यू (बगची तक्रार) टाकायचा नसतो म्हणून गिट बायसेक्ट लावलं, ते कुठल्या बदलाने बिघडलं हे शोधून देतं. जुनं व्हर्जन चांगलं, नवीन खराब, मग मधला कमिट, म्हणजे कोडमधला एक नोंदवलेला बदल, तपासायचा, दर वेळी निम्मे गळतात, त्यामुळे हजार कमिट असले तरी दहाएक पायऱ्यांत आरोपी हातात येतो. आला तो तोच खुणा काढणारा कमिट. कोड इतकाच, की मजकूर सुट्ट्या तुकड्यांत फोडायचा आणि युनिकोडने ज्यांना एमएन गटात घातलंय, म्हणजे स्वतःची जागा न घेणाऱ्या खुणा, त्या सगळ्या फेकायच्या. फ्रेंचला हे बरोबर आहे. पण आपले उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, हे सगळं त्याच गटात! काना, वेलांट्या आणि काना-मात्रा वाचतात कारण ते जागा घेतात. म्हणून कूळ, कुळ, केळ, कळ सगळ्यांचं कळ झालं, कुत्र्याचा कतरा झाला आणि आमच्या फोंड्याचा फोडा.

मग टेस्ट ग्रीन कशा? कारण वाचकाचा शब्द आणि इंडेक्स दोन्ही सारखेच सोलले जातात, त्यामुळे फोंडा घातलं की फोंडा सापडतोच. प्रत्येक टेस्ट विचारत होती हवं ते मिळालं का, नको ते आलं का असं एकही विचारत नव्हती. हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं, आणि आता मी कोणाचीही पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेला बदल) रिव्ह्यू करताना पहिल्यांदा हेच बघतो.

फिक्स न करता आधी नुसती फेल होणारी टेस्ट पाठवली. कूळ शोधलं तर केळ येता कामा नये, दर्या शोधलं तर दऱ्या येता कामा नयेत. सोबत एक टेबल, मूळ शब्द, सोललेला शब्द आणि कोणाकोणात घोळ होतो ते. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरला देवनागरी वाचता येत नाही, तरी टेबल बघून त्याला लगेच पटलं. पण त्याने एक रास्त मुद्दा काढला, की हिब्रू आणि अरबीत स्वरांच्या खुणा लोक रोजच्या लिहिण्यात टाकतच नाहीत, तिथे त्या काढायलाच हव्यात, सगळं बंद करून चालणार नाही. बरोबर होतं त्याचं. मग असं ठरलं की खूण ज्या अक्षराला लागलीय त्याची लिपी बघायची, लॅटिन, हिब्रू, अरबी असेल तर काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, आणि शेवटी तुकडे परत जोडायचे म्हणजे ऱ पुन्हा एकसंध. थाई लिपीचीही हीच गत होती, तिथलेही वर-खाली लागणारे स्वर आणि सुरांच्या खुणा उडत होत्या, म्हणून तीही टेस्ट घातली. मधेच पावसाने वीज गेली, दुरुस्तीचा शेवटचा पुश, म्हणजे कोड वर पाठवणं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून केला. रात्री मुख्य कोडमध्ये मर्ज झालं.

दुसऱ्या कँडिडेटवर ताईंनी परत बघितलं. "कूळ आता बरोबर येतंय. पण अरे, लोक कुळ पण लिहितात ना, ऱ्हस्व. ते परवा सापडत होतं, आज नाही."

खरंच होतं ते. बगमुळे का होईना, ऱ्हस्व-दीर्घाची चूक पोटात घेतली जात होती आणि वाचकाला ते हवंच आहे. म्हणून नवीन इश्यू उघडलाय, फक्त मराठीसाठी इ-ई आणि उ-ऊ एक धरायचे, पण जसंच्या तसं जुळेल ते वर आणि ढिलं जुळेल ते खाली. ताई काउंटरवर एक वही ठेवून वाचक खरोखर काय टाइप करतात ते टिपतायत, कुळ, मुळ, पुजा असे शब्द, आणि ती वही तशीच टेस्ट फाइलमध्ये जाणार आहे. या रिलीजला फ्रीझ लागलाय, म्हणजे नवीन काही घ्यायचं बंद, त्यामुळे हे पुढच्यात.