बुवांच्या टेपा

बुवा गेल्याचा फोन आमच्या रेडिओ केंद्रावर सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, चालू असतानाच आला. आषाढी तोंडावर आलेली, धावत्या वर्णनासाठी निम्मा स्टाफ पंढरपूरला गेलेला. संध्याकाळच्या सभेत बुवांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम जायला हवा होता आणि तो करायला केंद्रात मीच होतो.

बुवांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. सोलापुरात सकाळी रेडिओ लावणाऱ्यांना ते सांगावंही लागणार नाही. मूळचे ते नारदीय कीर्तनकार. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, असा दोन-तीन तासांचा तो डौल. आमच्याकडे त्यांना सकाळच्या ‘चिंतन’ कार्यक्रमाची पाच मिनिटं मिळायची. अभंगाचा एक चरण, त्याचा अर्थ आणि मग गल्लीतली एखादी गोष्ट, एवढ्यात ते दोन्ही रंग बसवायचे. कागद आणायचे, पण तो उघडलेला मी कधी पाहिला नाही. आत आले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय बे, पोटात काही टाकलंस का?’ नाही म्हटलं तर पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघायची. माझं खाणं होईपर्यंत रेकॉर्डिंग सुरू होत नसे.

जुनी चिंतनं स्पूलवर, म्हणजे टेपेच्या रिळांवर होती. कपाटातून खोकी काढली, मशीन पुसून घेतलं. पहिलीच टेप फिरायला लागली आणि जोडावरची चिकटपट्टी सुटली. गोंद वाळून गेला होता. ब्लेडने तिरपा काप देऊन प्रत्येक जोड नव्याने बसवायचा, मग पुढे ऐकायचं, पुन्हा थांबायचं. त्यात एक गोष्ट होत होती. टेपेचे थर वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबून राहिले की एका थरातला आवाज शेजारच्या थरावर हलकासा उमटतो. आम्ही त्याला प्रिंट-थ्रू म्हणतो. त्यामुळे बुवा बोलायच्या क्षणभर आधी त्यांचाच आवाज अगदी पुसट ऐकू यायचा. एरवी आम्ही तेवढा तुकडा कापून टाकतो. त्या दिवशी मी एकही कापला नाही.

एका टेपेत श्रोत्याच्या पत्राला उत्तर होतं. एका बाईंनी लिहिलं होतं की पूजेला बसलं तरी मन भाजीत असतं, पाप लागेल का? बुवा म्हणतात, ‘माय, आपल्या जिल्ह्यातल्या अरणच्या सावतोबांना भाजीत विठाई दिसली. तुम्हाला विठाईपुढे बसून भाजी दिसते. घर एकच, तुम्ही मागच्या दाराने आलात.’ मग थोडं थांबतात. ‘पण गॅस बारीक करून बसा. फोडणी जळली तर त्याला पांडुरंग जबाबदार नाही.’ आणि स्वतःच हसतात, मोठ्याने, माइकपासून तोंड न फिरवता.

दुसऱ्या टेपेत रांगेत तणतणणाऱ्यांची गोष्ट आहे. ‘तो अठ्ठावीस युगं उभा आहे, कमरेवरचा हात काढला नाही. तुला बँकेत अर्धा तास उभं राहवेना होय रे?’

दुपारी पंढरपूरहून वरिष्ठांचा फोन आला. गंभीर ठेव, हशा नको, माणूस आजच गेलाय. त्यांचं म्हणणं मला कळत होतं, पण पटत नव्हतं. हशा वगळून बुवांचं जे उरलं असतं ते कुणाचंही निरूपण झालं असतं. आणि तो हशा कसला होता तेही मला माहीत होतं. श्रोत्यांना हसवायचं म्हणून बायकोवर, सुनेवर, कुणाच्या बोलीवर विनोद करणारे मी पुष्कळ ऐकलेत. सकाळपासून ऐकलेल्या बुवांच्या एकाही टेपेत तसं वाक्य नव्हतं. चिमटा असायचा तो फक्त देव आपल्याच मालकीचा आहे असं समजणाऱ्यांना.

मी फोनवर काही बोललो नाही. रिसीव्हर स्पीकरजवळ धरला आणि भाजीची टेप लावली. पलीकडे टाळ-मृदंगाचा गलका होता. टेप संपल्यावर ते म्हणाले, ‘ठेव. हसणं पण ठेव.’

संध्याकाळी कार्यक्रम गेला. निवेदन मी चार वाक्यांचंच ठेवलं. सुरुवातीला सनई घातली नाही, बुवांच्या खाकरण्यानेच कार्यक्रम उघडला. संपायच्या आत फोन सुरू झाले. एक फोन कुंभारीच्या विडी घरकुलातून होता. १०,००० घरांची ती वसाहत, घरोघरी बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. हात आणि डोळे पानात गुंतलेले, कान तेवढे मोकळे, म्हणून रेडिओ. बाईंची बोली तेलुगू वळणाची मराठी. म्हणाल्या, ‘सर, बुवा आमच्या हजार विड्याचा हिशोब एकदा देवाला सांगितले होते. ते लावा की.’

ते चिंतन कार्यक्रमात नव्हतं. रात्रीची सभा सुरू असताना मी पुन्हा कपाट उघडलं. सापडलं. श्रोत्यांपैकी कुणीतरी बुवांना कळवलं होतं की विड्या वळताना नामस्मरणाचा आकडा चुकतो. बुवा सांगतात, ‘आकडा तुम्ही ठेवूच नका, कारखानदार ठेवतोच आहे. एका विडीला एक विठ्ठल म्हणा. छाटात काढलेल्या विडीचं नामसुद्धा देव घेतो, तो छाट काढत नाही.’ छाट म्हणजे कारखान्यात खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतनाच्या वेळेला तेच लावलं. तेव्हापासून सवड मिळेल तशा बुवांच्या टेपा संगणकावर उतरवतोय. अजून अर्धं कपाट बाकी आहे. ज्या खोक्यांवरची शाई उडालीय त्यांत कोणती चिंतनं आहेत हे टेप लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी तीच घेतलीत.